संगणकाला ‘मे’ वाचता येतो का?

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आपण मुलाची जन्मतारीख दोनदा लिहितो. एकदा अंकी आणि एकदा अक्षरी. अंक पुसट झाला किंवा चुकला, तर अक्षरी नोंद खरे काय ते सांगते. ३/४/१९८५ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल. अमेरिकी पद्धतीने तीच तारीख ४ मार्च होते. ‘३ एप्रिल’ असे लिहिले की शंका उरत नाही. जुनी रजिस्टरे संगणकावर घेताना मात्र नेमकी ही खात्रीची नोंदच यंत्राला वाचता येत नाही. असे का होते, ते पाहू.

तारीख म्हणजे एक संख्या

डेटाबेस तारीख शब्दांत साठवत नाही. उदाहरणासाठी हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला तो दिवस घेऊ : १ मे १९९९. पोस्टग्रेस हा मुक्त डेटाबेस १ जानेवारी २००० हा शून्य दिवस धरतो आणि तेथून मागे-पुढे दिवस मोजतो. त्याच्या लेखी हा दिवस म्हणजे उणे २४५. अशा संख्या हाती असल्या की वय काढणे ही साधी वजाबाकी होते. प्रश्न आहे तो ‘मे’ या शब्दापासून उणे २४५ पर्यंत पोहोचण्याचा.

लिहिणे सोपे, वाचणे अवघड

महिन्यांची नावे छापायची तर बारा शब्दांची यादी पुरते. वाचताना मात्र समोर ‘सप्टेंबर’ येईल, ‘सप्टेम्बर’ येईल किंवा नुसते ‘सप्टें.’ येईल. म्हणूनच पोस्टग्रेस स्थानिक भाषेत महिने लिहायला आधी शिकला. ती नावे वाचण्याची सोय २०२० साली आलेल्या १३ व्या आवृत्तीत झाली. नावांची यादी तो संगणकाच्या भाषाविषयक मांडणीतून घेतो. यादीत नसलेले नाव आले, तर चूक दाखवून थांबतो.

देवनागरीची आणखी एक अडचण आहे. इंग्रजी महिना पहिल्या तीन अक्षरांवरून ओळखता येतो आणि युटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘पहिले तीन बाइट पाहा’ असा नियम आपल्या नावांना लावला, तर एकच चिन्ह हाती येते. जानेवारी, जून, जुलै यांचा उरतो ‘ज’. मार्च आणि मे यांचा ‘म’. ऑगस्ट आणि ऑक्टोबर यांचा ‘ऑ’. बारापैकी सात महिने ओळखता येत नाहीत! तीन बाइटऐवजी तीन चिन्हे घेतली, तर महिने वेगळे कळतात. पण मार्चचा ‘मार’ होतो.

‘ऑ’ची गंमत तर वेगळीच. ते एक स्वतंत्र चिन्ह आहे; पण कोणी ‘अ’ टंकून पुढे ‘ॉ’ जोडला, तरी पडद्यावर बहुधा तसेच दिसते. आपल्या डोळ्यांना दोन्ही ‘ऑगस्ट’ एकच, यंत्राला ते दोन निराळे शब्द.

नाव बदलून भागत नाही तेव्हा

हिंगोली १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या काळच्या महसुली दप्तरात फसली सन आणि आजूर, दै, बहमन असे महिने आढळतात. आजूर म्हणजे ऑक्टोबरचे दुसरे नाव नव्हे. तो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई आणि वर्षही तेथूनच बदले. म्हणून फसली सनात वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९० आणि पुढे ५९१ मिळवावे लागतात. येथे नावांची यादी पुरत नाही, दिनदर्शिकेचे गणितच यंत्राला द्यावे लागते.

यातून एक नियम हाती येतो. न कळलेला महिना यंत्राने अंदाजाने भरू नये; थांबून माणसाला विचारावे. एका चुकीच्या महिन्याने मुलाचा प्रवेश किंवा पुढे नोकरीतील निवृत्तीची तारीख बदलू शकते.

वर्गात करून पाहा : प्रत्येक विद्यार्थ्याला आपली जन्मतारीख अक्षरी लिहायला सांगा. एकाच महिन्याची किती रूपे येतात, ती फळ्यावर मांडा आणि ती सर्व ओळखणारा नियम मुलांनाच तयार करू द्या. आपण सहज वाचतो ते यंत्राला शिकवताना किती बारकाईने सांगावे लागते, हे त्यांच्या लगेच लक्षात येईल.