केबिन वाढली, वाट आटली

दिल्लीत मुंडका मेट्रो स्थानकाजवळच्या चार मजली इमारतीला १३ मे २०२२ रोजी आग लागली. आत सीसीटीव्ही कॅमेरे आणि राउटरच्या व्यवसायातल्या कंपनीचं ऑफिस होतं. बाहेर पडायला वाट एकच, तीही अरुंद. २७ जणांचा बळी गेला. त्याआधी २३ फेब्रुवारी २०१० रोजी बंगळुरूच्या कार्लटन टॉवर्समध्ये वायरिंगच्या डक्टमधून धूर मजल्यामजल्यांवर पसरला. संकटकाळी बाहेर पडण्याच्या वाटा अडलेल्या होत्या. ९ जण दगावले. त्यांतल्या काहींनी जिवाच्या आकांतानं खिडकीतून उड्या टाकल्या होत्या.

या वाटा दर वेळी बिल्डरच्या नकाशातच चुकलेल्या असतात असं नाही. पुष्कळदा त्या नंतर बुजतात, आणि त्याचं निमित्त असतं ऑफिसचं नूतनीकरण. साहेबांची केबिन दोन फूट पुढे सरकते, पॅसेजमध्ये झेरॉक्स मशीन येतं, मागच्या जिन्याच्या दारापाशी जुन्या फायलींची खोकी रचली जातात आणि चोरीच्या भीतीनं त्याच दाराला कुलूप लागतं. एकेक बदल किरकोळ वाटतो. सगळे मिळून मात्र जिन्यापर्यंतचा रस्ता खाऊन टाकतात.

राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २०१६ सालच्या आवृत्तीत याची मापं दिली आहेत. बाहेर पडण्याचं दार किमान १००० मिलिमीटर रुंद आणि २००० मिलिमीटर उंच हवं. आपल्याकडे सुताराच्या तोंडी ‘तीन फुटी दार’ असतं. ते भरतं जेमतेम ९१५ मिलिमीटर. त्यातून चौकटीची जाडी वजा झाली आणि पल्ला पूर्ण उघडत नसला, तर माणसाच्या वाट्याला आणखी कमी जागा उरते. म्हणून टेप लावायची ती दार पूर्ण उघडून, चौकटीच्या आतून. व्हीलचेअरवरच्या सहकाऱ्यालाही याच दारातून बाहेर पडायचं असतं.

माणसांचाही हिशेब आहे. संहिता ऑफिससाठी माणशी १० चौरस मीटर जागा धरते आणि दाराच्या रुंदीतले साडेसहा मिलिमीटर एकेका माणसाच्या नावे मांडते. म्हणजे एक मीटरच्या दारातून साधारण दीडशे माणसांची सोय झाली. जिन्याला माणशी १० मिलिमीटर लागतात, कारण पायऱ्या उतरताना वेग मंदावतो. ऑफिस इमारतीत जिन्याची रुंदी किमान दीड मीटर हवी. नव्या मांडणीत टेबलं दाटीवाटीनं लावून माणसं दुप्पट बसवली, की जुनं गणित कोलमडतं.

अंतराचा नियमही पार्टिशनमुळे मोडतो. स्प्रिंकलर नसलेल्या पक्क्या इमारतीत बसल्या जागेपासून जिन्याच्या दारापर्यंतचं अंतर ३० मीटरच्या आत हवं. ते नकाशावर सरळ रेष मारून मोजायचं नसतं. टेबलं, केबिन यांना वळसे घालत माणूस जितका चालेल तितकं धरायचं.

दार कसं उघडतं, हाही प्रश्न आहेच. ते बाहेरच्या दिशेला उघडावं, पण पॅसेजमधली ये-जा अडवू नये. आतून किल्लीशिवाय उघडता यावं. कार्डावर चालणारं चुंबकी कुलूप असेल, तर आगीचा अलार्म वाजताच किंवा वीज जाताच ते सुटायला हवं. जिन्याचं अग्निरोधक दार आपोआप मिटतं ते धूर अडवण्यासाठी. वारा यावा म्हणून त्याला खुर्ची लावून ठेवली, की जिनाच धुराचं धुराडं होतो.

महाराष्ट्रात २००६ सालच्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानं ही जबाबदारी मालकावर किंवा जागा वापरणाऱ्यावर टाकली आहे. अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. भाड्याच्या जागेत ऑफिस थाटणाऱ्यालाही ‘ते बिल्डरचं काम’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

तेव्हा इंटिरिअरवाल्यानं रंगीत चित्रं पुढे ठेवली, की आधी त्याच्याकडून बाहेर पडण्याच्या वाटांचा नकाशा मागा. प्रत्येक टेबलापासून दोन्ही जिन्यांपर्यंतचा रस्ता त्यावर आखून घ्या, दारांची मापं लिहून घ्या आणि मगच सही करा. काम पूर्ण झालं, की सगळ्या कर्मचाऱ्यांना एकदा त्याच वाटेनं खाली उतरवून पाहा.