ताशाची त्रिनिदादी भावंडे

वाद्यांच्या वाटा : भाग सहावा

मागच्या भागात हलगी शेकण्याचा विषय निघाला होता. ओल धरलेले कातडे ताठ व्हावे म्हणून कागद नाहीतर पाचट पेटवायचे, त्या धगीवर हलगी फिरवायची आणि मधूनच टिचकी मारून आवाज चढला का ते बघायचे. थेट हेच दृश्य कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावर दिसते. रस्त्याच्या कडेला लाकडाचे तुकडे आणि पुठ्ठे पेटलेले, भोवती चार-सहा वाजवणारे उकिडवे बसलेले. त्यांच्या हातात मातीच्या वाडग्यावर बकऱ्याचे कातडे मढवलेले वाद्य. तिकडे त्याला ‘तासा’ म्हणतात. आपल्याकडचा कुठलाही ताशावाला ते बघताक्षणी ओळखेल.

वाजवायची मांडणीही ओळखीचीच आहे. संचात दोन तासे. पहिला ‘कटर’. तो पुढारी, चढ्या आवाजाचा, आडव्यातिडव्या बोलांनी वाट काढणारा. दुसरा ‘फुले’, ठेका धरून बसणारा. जोडीला ‘बेस’ नावाचा भलामोठा लाकडी ढोल, ज्याच्या एका तोंडावर टोल आणि दुसऱ्यावर हात पडतो. शिवाय पितळी झांज, तिचे नाव तिथेही झांजच. कटरवाला इशाऱ्याचा तुकडा वाजवतो आणि अख्खा संच एका तालातून दुसऱ्यात उडी घेतो. या तालांना ते ‘हँड’ म्हणतात. लग्नाचा हँड वेगळा, मोहरमचा वेगळा आणि स्थानिक कॅलिप्सो गाण्यांच्या चालीवर बेतलेला आणखी वेगळा. नाशिकच्या मिरवणुकीत ताशावाल्याच्या काडीकडे डोळे लावून उभे असलेले ढोलवाले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको.

आता, नाशिकचाच ढोल त्रिनिदादला पोचला असे कुणी छाती फुगवून सांगितले तर मान डोलवू नका. नाशिक ढोलाची कीर्ती मोठी आहे, केरळात आणि मंगळूरकडे तर ‘नाशिक’ हे वाद्यमेळाचेच नाव होऊन बसले आहे. पण त्रिनिदादचा ताशा आपल्या भागातून गेलेला नाही. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे पहिले जहाज करारबद्ध भारतीय मजुरांना घेऊन तिथे लागले. १९१७ पर्यंत असे साधारण १ लाख ४४ हजार लोक त्या एका बेटावर उतरले. ऊसमळ्यांवर पाच वर्षांच्या कराराने राबायला आलेली ही माणसे बहुतेक कलकत्त्याच्या बंदरातून निघालेली, अवध आणि भोजपुरी मुलखातली. आपल्याकडचे मजूर, रत्नागिरी-साताऱ्याकडचे, मुंबईहून मॉरिशसला गेले; तो वेगळा अध्याय आहे. तेव्हा नाते बाप-लेकाचे नाही, चुलत भावंडांचे आहे.

या भावंडांना बांधणारा धागा मोहरमचा. पोर्ट ऑफ स्पेन शहराच्या सेंट जेम्स भागात (जिथे दिल्ली स्ट्रीट आणि कलकत्ता स्ट्रीट अशी रस्त्यांची नावे आहेत) मोहरमला ‘होसे’ म्हणतात. काही घराणी पिढ्यान्‌पिढ्या बांबू-कागदाचे ताजिये बांधतात. हुसेनच्या नावाचा लाल आणि हसनच्या नावाचा हिरवा असे दोन प्रचंड चंद्र असतात. एकेक माणूस ते खांद्यावर पेलतो आणि तासाच्या तालावर गरागरा फिरवतो. ताजिये शेवटी समुद्रात सोडायची रीत. मिरवणुकीत शिया, सुन्नी, हिंदू असतातच, शिवाय आफ्रिकी वंशाचे शेजारीही ढोल वाजवतात.

हीच सरमिसळ तिथल्या इंग्रज सरकारला खुपली. १८८४ मध्ये नियम निघाले की होसेच्या मिरवणुका शहरात येऊ द्यायच्या नाहीत आणि भारतीयांखेरीज कुणी त्यात सामील व्हायचे नाही. मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यात पुढाकार होता सुखू नावाच्या हिंदू मजुराचा, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे. अर्ज फेटाळला गेला. ३० ऑक्टोबर १८८४ ला ताजिये घेऊन सॅन फर्नांडो शहराच्या वेशीवर आलेल्या जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. कितीतरी माणसे जागीच पडली.

पुढे नऊच वर्षांनी, १८९३ मध्ये, इकडे पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला. त्याआधी महाराष्ट्रातले हिंदू मोहरमच्या ताबुतांपुढे (ताजियांना आपल्याकडे हेच नाव) नाचत, वाजवत, नवस बोलत. मुंबईतल्या त्या वर्षीच्या हिंदू-मुसलमान दंगलीनंतर वारे फिरले. ताबुताकडे जाऊ नका, गणपतीकडे या, असे गणपतीपुढे गाणाऱ्या मेळ्यांमधून उघड सांगितले जाऊ लागले. वाजवणाऱ्यांचा मोठा भाग इकडे आला आणि ताशाही त्यांच्याबरोबर आला. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावसारख्या गावी हिंदू-मुसलमान मिळून आजही उंच ताबूत काढतात, म्हणजे जुने सगळेच पुसले गेले असे नाही. त्रिनिदादमध्ये मात्र ताशाने कुणाची बाजू सोडली नाही. तो होसेत राहिला आणि हिंदूंच्या लग्नातही शिरला. लग्नाच्या दोन-तीन रात्री आधी ‘मटिकोर’ असतो. बायका माती उकरून पूजा करतात आणि मग तासाच्या तालावर यथेच्छ, थोडे चावट नाचतात.

तासाला तिथे पोट मिळाले ते या लग्नांमुळे. होसे वर्षातून एकदा, लग्ने बाराही महिने. म्हणून गावोगाव तासाचे संच उभे राहिले, स्पर्धा सुरू झाल्या. न्यूयॉर्कच्या रिचमंड हिल भागात आणि टोरांटोत जाऊन वसलेल्या त्रिनिदादी-गयानी कुटुंबांच्या लग्नांतही सुपाऱ्या मिळू लागल्या. तिथल्या तरुणाला हातात काड्या घेतल्या की जोडधंदा मिळतो आणि ओळखीपाळखीही होतात. यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जहाजात आणि मळ्यावर जातीची उतरंड विस्कटली, त्यामुळे कातड्याच्या वाद्याला हात लावायचा कुणी आणि नाही कुणी, हा प्रश्नच तिथे ढिला पडला.

गाण्यांतही तो मुरला. १९७० च्या सुमारास सुंदर पोपो या गायकाने भोजपुरी-इंग्रजी मिसळून ‘नाना अँड नानी’ म्हटले आणि पुढे ‘चटणी’ म्हणून गाजलेल्या प्रकाराला लोकप्रियता मिळाली. १९८७ मध्ये द्रौपती रामगुनाई हिने त्यात ‘सोका’ या तिथल्या नाचऱ्या संगीताची भर घातली, आणि तिचे पुढल्या वर्षीचे गाजलेले गाणे तर एका तासावाल्यावरच आहे. गंमत अशी की ही चटणी मुंबईमार्गे आपल्या ताटात आली. कल्याणजी-आनंदजींचे धाकटे बंधू बाबला आणि गायिका कांचन यांनी सुंदर पोपोची गाणी नव्याने म्हटली, मॉन्सेरातच्या ॲरोचे ‘हॉट हॉट हॉट’ उचलून ‘कुछ गडबड है’ केले आणि कॅरिबियनमध्ये जाऊन मैदाने भरवली. उलट बाजूचा नमुना म्हणजे १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात क्रिकेटपटू सुनील गावसकरांनी ७७४ धावा कुटल्यावर लॉर्ड रिलेटर या त्रिनिदादी गायकाने त्यांच्यावर केलेला कॅलिप्सो.

आता परत आपल्याकडे येऊ. नाशिकला वाकडी बारवेपासून गणपती विसर्जनाची मिरवणूक निघते तेव्हा पथकांतली बहुतेक मुले-मुली कॉलेजातली नाहीतर नोकरीतली असतात. पावसात कातडे बसते म्हणून ढोलाला फायबरचे पान आले, तसे तिकडे तासालाही कृत्रिम पान आणि नटबोल्ट आले. जातीबाहेर पडून वाजवणे आपल्याकडे पथकांनी आणले, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण पथकाचा मान वाढला तसा पिढीजात वाजंत्र्याचा भाव उतरला. पथकाला मिळते ते मानधन, त्याला मिळते ती मजुरी, तीही घासाघीस करून. ज्याच्या आजोबांनी ताशाचे बोल घडवले, तो मिरवणुकीच्या दिवशी गावाकडल्या एखाद्या छोट्या मंडळाच्या ट्रॉलीपुढे पाच-सहाशेवर वाजवत असतो. आपल्या पथकांनी सरावाला असा एखादा म्हातारा गुरू म्हणून बोलवावा, आणि त्याच्या हातात नारळाबरोबर पाकीटही द्यावे.

पुढच्या भागात त्रिनिदादचेच दुसरे वाद्य. ढोल वाजवण्यावर सरकारने बंधने घातल्यावर आफ्रिकी वस्त्यांनी आधी बांबू आणि मग तेलाची पिंपे ठोकून त्यातून सूर कसे काढले, ते पाहू.