झाशीची स्मृती : गाणे, घर आणि राज्यांतर

लोकगीत हे इतिहासाचे साधन मानावे की नाही, हा वाद जुनाच आहे. झाशीच्या संदर्भात मात्र तो निराळे रूप धारण करतो. कारण १८५७-५८ च्या घटनांची स्मृती तेथून दोन वाटांनी आली. एक गाण्याची, दुसरी घरात सांगितल्या जाणाऱ्या आठवणींची.

पहिली वाट बुंदेलखंडातील हरबोल्यांची. या गायकांचे ऋण सुभद्राकुमारी चौहान यांनी आपल्या प्रसिद्ध कवितेच्या ध्रुपदातच मान्य केले आहे. गीत तपशील टाकते आणि निवाडा राखते. राणी लढली, एवढेच त्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगावयाचे असते.

घरातील आठवणीची तऱ्हा याच्या उलट. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेस गेले आणि १८५८ च्या वेढ्यात झाशीतच सापडले. 'माझा प्रवास'मध्ये त्यांनी लुटीचा क्रमदेखील नोंदविला आहे : आधी सोनेनाणे, मग तांबेपितळ, शेवटी वस्त्रे व धान्य. हे गाण्यात मावत नाही; जिवंत घरी परतलेला माणूसच ते सांगू शकतो.

तथापि दोन्ही वाटा राज्यसत्तेच्या छायेतूनच जातात. गोडसे यांचा वृत्तांत चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापला, तो बराच फेरफार करून. मूळ हस्तलिखितानुसार पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये, म्हणजे स्वराज्य आल्यावर, प्रसिद्ध केला. वृंदावनलाल वर्मांनी घरातील वृद्धांकडून ऐकलेल्या कथांना १९४६ च्या कादंबरीत स्थान दिले. महाश्वेता देवींनी तेथील लोकगीते व दंतकथा वेचून १९५६ मध्ये राणीचे चरित्र रचले. जे घरात हळू आवाजात बोलले जाई, ते राष्ट्राचे वाङ्मय झाले.

येथेच खरी अडचण आहे. हस्तलिखित उरले म्हणून गोडसे यांचा पाठ पूर्ववत करता आला. गाण्याला हस्तलिखित नसते. म्हणून ते जप्त होत नाही, परंतु बदलले तर परत मिळतही नाही. नव्या राज्यात मोकळेपणाने गाइले जाणारे गीत नव्या काळाचा अभिमान नकळत आपल्यात मिसळून घेते. अमेरिकेत जॉन लोमॅक्स व त्यांचे पुत्र ॲलन यांनी १९३३ मध्ये दक्षिणेतील तुरुंगांत ध्वनिमुद्रणयंत्र नेले, त्यामुळे कोणते गीत कोणाच्या कंठी कोणत्या रूपात होते, हे आज सांगता येते. झाशीच्या गीतांचाही गायक, गाव आणि वर्ष यांसह पाठ टिपला, तरच त्यांतील जुने कोणते व नवे कोणते हे उमगेल. गीताची शहानिशा बखरीने करू नये. दोघांनी काय जपले आणि काय गाळले, हे शेजारी ठेवून वाचावे.