तलफ येते तेव्हा लक्ष कुठे असतं?

पावसाळ्यातला शनिवार. कामशेत, कार्ला मागे टाकत गाडी जुन्या हायवेने लोणावळ्याकडे निघाली की दारू सोडलेल्या माणसाची नजर नेमकी बिअर शॉपीच्या पाटीवर जाते. शेजारी बसलेल्या बायकोला ती पाटी दिसतही नाही.

गैरसमज : नजर गेली, म्हणजे अजून प्यायचंच आहे.
दारूशी जोडलेल्या खुणा व्यसनी माणसाचं लक्ष आपोआप खेचतात. ही वर्षानुवर्षांची सवय असते, त्यावरून नियत ठरवू नये. अशा खुणांपासून दूर राहायला त्याने सुरुवातीला लोणावळ्याच्या भुशी डॅमची सहल टाळली तर त्याला भित्रा म्हणू नका.

गैरसमज : विचारच करायचा नाही, की झालं!
घरोघरी हाच सल्ला मिळतो आणि तोच अंगाशी येतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७च्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितलं. अस्वल डोक्यात येतच राहिलं. तलफ पोसली जाते ती मनातल्या चित्रांवर: ग्लास, बर्फ, चकणा, पहिला घोट. त्या जागी दुसरं चित्र आणावं लागतं. प्लिमथ विद्यापीठाच्या एका प्रयोगात तीन मिनिटं टेट्रिस हा व्हिडिओ गेम खेळल्यावर तलफ सौम्य झाली. मावळातल्या माणसाने तुंगार्लीहून राजमाचीची वाट वळणावळणाने डोळ्यांसमोर आणून पाहावी. खेळापेक्षा मला तरी ती बरी वाटते.

गैरसमज : भागवली नाही तर तलफ वाढतच जाते.
ती लाटेसारखी चढते आणि न पिताही ओसरते, हे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी रुग्णांना शिकवलं. घसा कोरडा पडला, हात अस्वस्थ झाले, एवढंच टिपत राहायचं, भांडायचं नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, २८६ जणांच्या अमेरिकन अभ्यासात अशी सजगता ध्यानातून शिकलेल्यांचं पिणं आणि नशा वर्षभरानंतर इतर गटांपेक्षा कमी आढळली.

गैरसमज : ध्यान जमलं की डॉक्टर नको.
१९२४ पासून कैवल्यधाम ही योगसंस्था असलेल्या लोणावळ्यात हे पटकन पटतं. पण रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग ध्यान. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, फोन मोफत. घरच्यांनीही करायला हरकत नाही.