धावण्याचे शास्त्र – लेखांक ६ : बुटाचा मऊपणा आणि पायाचा आराम

धावताना पाऊल जमिनीवर असते तेव्हा त्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट बल येते आणि ते पेलण्याचे मुख्य काम पायाचे स्नायूच करतात, हे मागील लेखांकात पाहिले. त्या बलाच्या आणि पावलाच्या मध्ये येणारी वस्तू म्हणजे बूट. बाजारात आज जाड आणि मऊ तळाच्या बुटांची इतकी रेलचेल आहे की मऊपणा हाच आराम, अशी ग्राहकाची सहज समजूत होते. ही समजूत अपुरी का आहे आणि बूट घेताना आरामाची पारख कोणत्या क्रमाने करावी, याचे विवेचन या लेखांकात केले आहे.

धावण्याच्या बुटाचे ढोबळमानाने तीन भाग असतात. पावलाला वरून वेढणाऱ्या जाळीदार कापडी आवरणाला अपर म्हणतात, जमिनीला घासणाऱ्या रबरी थराला आउटसोल म्हणतात, आणि या दोहोंमध्ये असलेल्या फोमच्या जाड थराला मिडसोल म्हणतात. मऊपणाची सारी चर्चा या मधल्या थराची असते. १९७० च्या दशकात इथिलीन व्हिनाइल अॅसिटेट, म्हणजेच ईव्हीए, हा हलका फोम धावण्याच्या बुटांत आला आणि पुढे कित्येक वर्षे त्याचेच राज्य राहिले. २००९ मध्ये फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या होका कंपनीने विलक्षण जाड तळाचे बूट रूढ केले, २०१३ मध्ये आदिदासने पॉलियुरेथेनच्या फुगवलेल्या कणांपासून बनवलेला बूस्ट हा फोम आणला, आणि २०१७ मध्ये नायकीच्या व्हेपरफ्लाय या बुटाने अतिशय हलका व उसळी घेणारा फोम आणि त्यात बसवलेली कार्बनची पट्टी यांची जोड लोकप्रिय केली. तळाच्या जाडीची चढाओढ एवढी वाढली की जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने २०२० मध्ये रस्त्यावरील स्पर्धांसाठी ४० मिलिमीटर ही कमाल मर्यादा घालून दिली.

फोमचे दोन गुण वेगळे ओळखावे लागतात. तो भाराखाली किती दबतो ही त्याची मृदुता, आणि दबल्यावर साठवलेल्या ऊर्जेपैकी किती परत देतो ही त्याची उसळी. अंगठ्याने दाबून किंवा दुकानात नुसते उभे राहून यांपैकी कशाचीही खरी कल्पना येत नाही, कारण धावताना येणारा भार त्याहून कितीतरी मोठा असतो. उभे असताना सुखद वाटणारा फोम धावताना पुरता चेपला जाऊन कडक भासू शकतो, आणि हातात घट्ट वाटलेला फोम वेग घेतल्यावर नेमका आधार देऊ शकतो.

मऊपणामुळे पायावरचा आघात कमी होतो का, या प्रश्नाचे संशोधनाने दिलेले उत्तरही सरळ नाही. फिनलंडमधील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात, ताशी साडेचौदा किलोमीटर वेगाने धावताना अतिजाड मऊ बुटांत आघाताचे बल नेहमीच्या बुटांपेक्षा जास्त आढळले, कारण तळ मऊ असल्यावर धावणाऱ्याचा पाय नकळत अधिक ताठ राहत होता. याउलट लक्झेम्बर्गमधील संशोधकांनी ८४८ हौशी धावपटूंना दिसायला सारखे, परंतु कडक किंवा मऊ तळाचे बूट देऊन सहा महिने त्यांच्या दुखापतींची नोंद ठेवली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कडक तळाच्या गटात दुखापतींचा धोका अधिक दिसला, आणि मऊ तळाचा हा लाभ कमी वजनाच्या धावपटूंमध्ये विशेष स्पष्ट होता. म्हणजे मऊ तळ निरुपयोगी नाही, पण त्याचा परिणाम धावणाऱ्याच्या वजनावर, वेगावर आणि चालीवर अवलंबून असतो.

यामुळेच कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाचे संशोधक बेनो निग यांनी २०१५ मध्ये सहकाऱ्यांसह मांडलेली कल्पना महत्त्वाची ठरते. प्रत्येकाच्या सांध्यांची हालचालीची एक स्वाभाविक वाट असते, आणि जो बूट त्या वाटेत कमीत कमी अडथळा आणतो तो धावणाऱ्याला आरामदायी वाटतो. म्हणून आराम ही निवडीची चाळणी मानावी, असा तिचा आशय आहे. हे अजून गृहीतक आहे, सिद्धान्त नव्हे. तरीही धावणाऱ्याच्या स्वतःच्या जाणिवेला ते पुराव्याचा दर्जा देते, आणि पुरावा म्हटला की तो पद्धतशीरपणे गोळा करावा लागतो.

या पद्धतीत पहिले स्थान मापाला आहे, कारण माप चुकले तर उत्तमातला उत्तम फोमही व्यर्थ जातो. पावलाची केवळ टाचेपासून बोटांपर्यंतची लांबी पुरेशी नसते. टाचेपासून चवड्यापर्यंतचे अंतर आणि चवड्याची रुंदीही पाहावी लागते, कारण पाऊल जिथे वाकते तिथेच बूट वाकला पाहिजे. ब्रिटिश पद्धतीत, जी भारतातही रूढ आहे, एका मापाचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटर असतो. त्यामुळे अर्ध्या मापाचा फरकही पायाला जाणवतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशव्यापी पाहणी करून ‘भा’ ही भारतीय मापपद्धती सुचवली आहे, आणि भारतीय पाऊल सामान्यतः पाश्चात्त्य पावलापेक्षा रुंद असते, हे तिच्यामागचे एक कारण आहे. रुंद पायाच्या अनेकांना लांबीने मोठा बूट घेऊन ही अडचण भागवावी लागते. मग चवडा मोकळा होतो, पण टाच निसटू लागते. अशा वेळी त्याच लांबीचा रुंद प्रकार मागणे हाच योग्य उपाय आहे. बुटातील सुटा आतला तळ बाहेर काढून त्यावर उभे राहिल्यास पाऊल कडेबाहेर जाते की नाही, हे लगेच दिसते.

सर्वांत लांब बोटापुढे, मग ते अंगठ्याशेजारचे का असेना, साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. दीर्घ अंतर धावताना पाऊल फुगते आणि उतारावर पुढे सरकते. सातारा हिल मॅरेथॉनसारख्या, यवतेश्वरचा घाट चढून पुन्हा उतरण्याच्या स्पर्धेत ही जागा अपुरी पडली तर नखे काळी पडतात. टाच मात्र मागच्या कडक आधारात स्थिर बसली पाहिजे. ती किंचित उचलली जात असेल, तर नाडीच्या सर्वांत वरच्या जादा छिद्रातून वेढा घेऊन घोट्याजवळ बूट आवळता येतो.

माप जुळल्यावरच मऊपणाची परीक्षा घ्यावी. दिवसभरात पाऊल थोडे फुगत असल्याने खरेदी संध्याकाळी करावी, धावताना वापरायचे मोजे घालावेत, आणि दोन्ही पायांत बूट घालून मोठ्या पायाला प्रमाण मानावे. एका पायावर उभे राहिल्यावर घोटा आत किंवा बाहेर कलंडत असेल, तर तो तळ त्या पायासाठी जाड वा मऊ अधिक आहे. त्यानंतर काही मिनिटे नेहमीच्या वेगाने धावून पाहावे, आणि शक्य असल्यास दोन वेगळे बूट दोन पायांत घालून तुलना करावी. टाच आणि चवडा यांखालील जाडीतील फरकाला ड्रॉप म्हणतात. तो कमी असल्यास पोटरी आणि टाचेमागचा कंडरा यांवर ताण वाढतो, म्हणून जुन्या बुटाशी त्याची तुलना करून बदल हळूहळू करावा. जे आवरण पहिल्याच दिवशी बोटाला टोचते, ते वापराने सैल होईल या आशेवर बूट घेऊ नये.

हा आराम कायमचा नसतो. फोम वारंवार दबून थकतो, आणि साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बूट बदलावा असा प्रचलित सल्ला आहे. आउटसोल शाबूत दिसत असला, तरी मिडसोल निकामी झालेला असू शकतो. तेव्हा खरेदीच्या वेळी घेतलेली परीक्षा अधूनमधून पुन्हा घ्यावी, आणि तळाची जाडी किंवा जाहिरातीतील दावा यांपेक्षा आपल्या पायाच्या तक्रारीला अधिक वजन द्यावे, कारण ते पाऊल कसे चालते, कसे फुगते आणि कुठे दुखते, याची माहिती दुसऱ्या कोणाजवळही नसते.

पुढील लेखांकात मोजे, घाम आणि पायाला येणारे फोड यांचा परस्परसंबंध पाहू.