व्यवहारांतील इंग्रजी आणि शेतकऱ्यांचीं मुलें

गेल्या जून महिन्यांत आमच्या वडील बंधूंच्या मुलाचें नांव मुंबईच्या एका महाविद्यालयांत घालण्याकरितां आम्हांस पंधरा दिवस लालबागेंत राहावें लागलें. दिवाळीनंतर पुन्हां एकदां जाण्याचा योग आला. या दोन फेऱ्यांत जें पाहिलें व ऐकिलें तें वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें बारावीनंतर मुंबई-पुण्यास जातात. बियाण्याची पिशवी घेतांना आपण तिच्यावरील उगवणीचा टक्का वाचतों, दोन दुकानीं भाव विचारतों. परंतु मुलगा तीन वर्षें तेथें काय शिकणार याची विचारपूस फी भरण्यापलीकडे जात नाहीं. त्या शिक्षणांतील एकाच विषयाबद्दल, म्हणजे व्यवहारापुरत्या इंग्रजीबद्दल, येथें लिहावयाचें आहे.

हा विषय आम्हांस एवढा कां खुपतो याचें कारण आधीं सांगितलें पाहिजे. चार वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यांतील एका सभासदानें परप्रांतांतील एका पेढीस डाळिंबें पाठविलीं. कांहीं दिवसांनीं पेढीचें इंग्रजी पत्र आलें. तें आठवडाभर देवाच्या तसबिरीमागें पडून होतें. मग तें आमच्याकडे आलें. कारण आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेलेली, आणि कागद वाचणारा मनुष्य म्हणून गांवांत थोडीफार ख्याति. पत्राच्या माथ्यावर ‘विदाउट प्रेज्युडिस’ असे शब्द होते. कोश काढून पाहिला. ‘पूर्वग्रह न ठेवतां’ असा अर्थ निघाला. पेढीच्या मनांत कांहीं वांकडें नाहीं असें समजून आम्ही त्या गृहस्थांस तसें सांगून मोकळे झालों. परंतु या शब्दांचा कायद्यांतील अर्थ अगदीं निराळा. ‘तडजोडीसाठीं आम्ही कांहीं लिहिलें तरी ती आमची कबुली समजूं नये, आमचे हक्क राखून ठेविले आहेत’ असा तो इशारा असतो. पत्राच्या शेवटीं हरकत कळविण्यास दहा दिवसांची मुदत होती. तिच्यांतले आठ दिवस तसबिरीमागें गेले, उरलेले आमच्या समजुतींत गेले. सव्वा लाखाचें येणें निम्म्यावर तुटलें. शब्द आम्हांस सारे येत होते; कागद मात्र वाचतां आला नाहीं. याहून वाईट वाटलें तें असें कीं, त्याच घरांत बी. ए. झालेला मुलगा होता. त्यानें पत्र हातांत घेतलें, उलटें-सुलटें पाहिलें आणि खालीं ठेविलें.

लालबागेंत आमचा मुक्काम मेहुण्यांकडे होता. ते एका कापडगिरणींत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ पासून गिरणी कामगारांचा जो संप झाला त्यांत त्यांचें काम गेलें. चाळींतील खोली तेवढी राहिली. त्यांच्या गॅलरींतून पूर्वी गिरण्यांचीं धुराडीं दिसत, आतां लोअर परळच्या बाजूस कांचेच्या उंच इमारती दिसतात. सातारा-रत्नागिरीकडील मनुष्यास गिरणींत शिरावयास इंग्रजी लागत नसे. गांवचा जॉबर ओळखीचा असला म्हणजे पुरे. आतां त्याच जमिनीवर उभ्या असलेल्या कचेऱ्यांत मुलाखत इंग्रजींत होते. मेहुण्यांच्या चाळींतील दोन मुलें एकाच इमारतींत नोकरीस आहेत. एक आंत मेजाशीं बसतो, दुसरा गणवेश घालून दाराशीं उभा असतो. शिक्षण दोघांचें सारखेंच, दोघेहि मराठी शाळेंतले. आलेल्या पाहुण्याशीं इंग्रजींत चार वाक्यें बोलण्यास पहिला कचरत नाहीं, एवढाच काय तो फरक. हें योग्य आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तसें आहे.

एके दिवशीं वसतिगृहाच्या चौकशीसाठीं गिरगांवांत गेलों. इंग्रजी किती व कशी शिकावी हा वाद मुंबईस नवा नाहीं, आणि त्यांत गिरगांवच्या नाना शंकरशेट यांचा मोठा भाग होता. १८४० सालीं स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनवर ते सभासद होते. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा ओढा इंग्रजीकडे; सामान्य लोकांस ज्ञान मिळावयाचें तर तें त्यांच्या भाषेंतूनच मिळेल असा नानांचा आग्रह. मौज अशी कीं, मराठीचा पक्ष घेऊन पेरीसाहेबांशीं वाद घालणारे नाना स्वतः उत्तम इंग्रजी जाणत होते. त्याच्या थोडें आधीं, ६ जानेवारी १८३२ रोजीं, बाळशास्त्री जांभेकर यांनीं मुंबईंत ‘दर्पण’ काढिलें, त्यांतहि इंग्रजी व मराठी मजकूर शेजारीशेजारी स्तंभांत छापलेला असे. दोन भाषा एकमेकींच्या वैरिणी आहेत ही समजूत त्या पिढीची नव्हती. ती पुढें कोठून आली कोण जाणे.

परळच्या बाजूस आलें कीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची आठवण होते. त्यांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेंत शिक्षक. त्यांनीं मुलाकडून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे भाग घोटून घेतले. पुढें परळच्या चाळींत एका खोलींत राहून मुलगा १९०७ सालीं एल्फिन्स्टन हायस्कुलांतून मॅट्रिक झाला आणि १९१२ सालीं बी. ए. झाला. तर्खडकरांचीं पुस्तकें आमच्याहि घरीं होतीं. परंतु सुभेदारांसारखा शिक्षक घरांत असणें ही वेगळीच दौलत. आमच्या वाचकांपैकीं मुलास घरीं इंग्रजी शिकवूं शकतील असे किती निघतील? हें काम शाळेनें, आणि शाळेंत राहून गेलें तर महाविद्यालयानें, केलें पाहिजे. स्वतः बाबासाहेबांनीं १९४६ सालीं मुंबईंत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलें, तें नोकरी करून शिकणाऱ्यांची सोय डोळ्यांपुढें ठेवून.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालचें. तेथील इंग्रजीचा अभ्यास म्हणजे प्रथम काव्य, नाटक व निबंध. तें वाङ्मय थोर आहे, पण त्यानें पेढीचें पत्र वाचतां येत नाहीं हें आम्हीं वर लिहिलेंच आहे. ही उणीव ओळखून विद्यापीठानें पुढें प्रथम वर्ष कलाशाखेस ‘कम्युनिकेशन स्किल्स इन इंग्लिश’ व वाणिज्य शाखेस ‘बिझनेस कम्युनिकेशन’ असे विषय ठेविले. उतारा वाचून त्याचा सारांश काढणें, अर्ज, तक्रार व चौकशीचीं पत्रें लिहिणें, अहवाल, सभेची सूचना व कार्यक्रमपत्रिका, मुलाखत, गटचर्चा, अशा गोष्टी त्यांत येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० लागू झाल्यापासून विषयांचीं नांवें व गुणांची वांटणी बदलली आहे. तेव्हां ज्या महाविद्यालयांत मूल जावयाचें तेथील माहितीपत्रक पाहून घ्यावें. विषयाचा गाभा तोच आहे.

विषय ठेवणें निराळें व शिकणें निराळें. शंभराहून अधिक मुलांच्या वर्गांत बोलण्याचा सराव कोण कोणाचा घेणार? परीक्षा बव्हंशीं लेखी. दादरच्या दुकानांत पातळ मार्गदर्शिका मिळतात, त्यांतील तयार पत्रें पाठ करून मुलें उत्तीर्ण होतात. तक्रारीचें पत्र पाठ येतें. तक्रार करतां येत नाहीं. या विषयासाठीं लहान तुकड्या पाडून ज्या ट्यूटोरियल तासिका घेतल्या जातात, त्यांसच मुलें दांडी मारतात. कारण तेथें तोंड उघडावें लागतें.

अशी एक तासिका पाहण्याची संधि आम्हांस दिवाळीनंतर मिळाली. दादर भागांतील त्या महाविद्यालयाच्या प्राध्यापिकाबाईंनीं मोठ्या सौजन्यानें आम्हांस मागच्या बाकावर बसूं दिलें. वीसेक मुलें होतीं. प्रथम दोघादोघांस पाठीस पाठ लावून बसविलें व फोनवर बोलल्याप्रमाणें एकानें दुसऱ्यास नांव, पत्ता व गाडीची वेळ सांगावयाची असें ठरलें. ओठांची हालचाल दिसत नाहीं, हातवारे चालत नाहींत. नीट ऐकावें लागतें व न कळल्यास पुन्हां विचारावें लागतें. त्यानंतर प्रत्येकानें, आपल्यास ठाऊक आहे पण वर्गांतील इतरांस ठाऊक नाहीं, अशा एका गोष्टीवर दोन मिनिटें बोलावयाचें होतें.

आमचा पुतण्या जिल्हा परिषदेच्या शाळेंतला. तो उभा राहिला आणि हळद कशी शिजवितात हें सांगूं लागला. काहिलीस इंग्रजी शब्द त्याला ठाऊक नव्हता. ‘बिग आयर्न पॅन’ म्हणून त्यानें वेळ मारून नेली व फळ्यावर चित्र काढलें. क्रियापदें जागोजाग चुकलीं. परंतु ऐकणाऱ्यांस तें खरोखरच नवें होतें, त्यामुळें कोणी हसलें नाहीं. शहरांतल्या एका मुलीनें विचारलें, शिजवितां कशाला? याला उत्तर येत होतें, कारण दर फाल्गुनांत तो तेंच करीत आला आहे. शिजविल्यानें रंग सारखा होतो, हळद लवकर वाळते, आणि तिला पुन्हां कोंब फुटत नाहीं. शेवटचें कारण त्यानें ‘सो इट शुड नॉट ग्रो अगेन’ असें सांगितलें, आणि शंभर किलो ओल्या हळदीची वाळून वीसेक किलोच उरते हें ऐकून वर्ग चकित झाला. दोन मिनिटांचीं सहा झालीं. ज्यास सांगण्यासारखें कांहीं असतें त्याची जीभ आपोआप सुटते हें आम्हीं त्या दिवशीं पाहिलें. आपल्या मुलांस वाटतें कीं आपल्याजवळ सांगण्यासारखें कांहीं नाहीं. वास्तविक त्या वर्गांत सर्वांत अधिक माल त्यांच्याच पोत्यांत असतो.

तास संपल्यावर बाईंनीं ज्या दोनतीन गोष्टी समजावून सांगितल्या त्या आम्हांस आजवर कोणीं सांगितल्या नव्हत्या. मराठींत ‘द्या’ म्हटलें कीं त्यांतच आदर आला; ‘दे’ म्हटलें तर गेला. इंग्रजींत ‘यू’ एकच, क्रियापदासहि आदराचें रूप नाहीं. म्हणून आदर ‘कुड यू’, ‘मे आय’, ‘प्लीज’ अशा शब्दांनीं निराळा घालावा लागतो. आपला मुलगा ‘अर्ज द्या’ याचें सरळ भाषांतर करून ‘गिव्ह मी फॉर्म’ म्हणतो. त्याच्या मनांत आदर असतो, ऐकणाऱ्यास तो हुकूम वाटतो, आणि समोरच्याच्या कपाळास आठी कां पडली हें मुलास उमगत नाहीं. दुसरें, ‘अ’ आणि ‘द’ यांचा घोटाळा. मराठींत हे शब्द नाहींत असें म्हणतात, पण आमच्या कचेरींत होते. कागदांत प्रथम ‘एक बैल’ लिहितात व पुढें ‘सदर बैल’ लिहितात. हा ‘सदर’ म्हणजेच ‘द’. बाईंना ही तोड फार आवडली, पुढच्या तासास सांगेन म्हणाल्या. आम्हांसहि, खरें सांगावयाचें तर, मनांतून बरें वाटलें.

परंतु लगेच आमची खोडहि मोडली. पुतण्याच्या शिष्यवृत्तीच्या अर्जास आम्हीं आमच्या हातानें ‘आय बेग टू स्टेट’ अशी सुरुवात जोडली होती. ती बाईंनीं तांबड्या शाईनें खोडलेली दाखविली. ही कंपनी सरकारच्या वेळची आर्जवी भाषा आतां कोणी लिहीत नाहीं. काय पाहिजे, कोणत्या तारखेपर्यंत पाहिजे, सोबत कोणते कागद जोडले आहेत, हें पहिल्या चार ओळींत यावें, असें त्यांचें सांगणें. विचार केला तेव्हां पटलें. मामलेदारांपुढें ठेवावयाची चांगली टिपणी अशीच असे. पाल्हाळ लावणाऱ्या कारकुनाचा कागद तळाशीं जाई.

शहरांत ‘तीस दिवसांत अस्खलित इंग्रजी’ अशा पाट्या पुष्कळ दिसतात व त्यांची फी महाविद्यालयाच्या फीहून जड असते. ज्या सरावाचे पैसे तेथें घेतात तोच सराव ट्यूटोरियलच्या तासिकेंत फींतच मिळतो. मुलगा घरीं आला म्हणजे किती गुण पडले हें विचारण्याआधीं, तासिकांस हजेरी किती लागली हें विचारावें. दुसरा उपाय फुकटचा आहे. आकाशवाणीवर मराठी बातम्या आधीं ऐकाव्या व त्याच दिवशींच्या इंग्रजी बातम्या मागून ऐकाव्या. मजकूर ठाऊक असला म्हणजे कान शब्दांकडे लागतो. आमचा पुतण्या दोन महिने हें करीत आहे. पहिल्या आठवड्यांत त्याला फक्त गांवांचीं नांवें कळत.

तिसरा उपाय आपल्या संस्थांच्या हातीं आहे. शीतगृहें, विमा कंपन्या, बँका, निर्यातदार यांचे इंग्रजी कागद प्रत्येक सोसायटींत येतात. ते सुटींत घरीं आलेल्या मुलांपुढें ठेवावे. मोठ्यानें वाचावयास लावावे, आणि मराठींत अर्थ सांगावयास लावावा. शब्दार्थ नव्हे, हा कागद आपल्यास काय करावयास सांगतो व केव्हांपर्यंत, एवढेंच विचारावें. या दिवाळींत आम्हीं तसें केलें. एका शीतगृहाचें भाडेवाढीचें पत्र पुतण्याच्या हातीं दिलें. ‘अनलेस वी हिअर टु द कॉन्ट्ररी’ या शब्दांपाशीं तो थांबला, पुन्हां वाचलें, आणि म्हणाला, ‘काका, आपण गप्प राहिलों तर कबूल केलें असें धरणार आहेत.’ त्यानें पांच ओळींचें उत्तर लिहिलें. शेवटीं दोन नम्रतेचे शब्द घालावे म्हणून आम्हीं पुष्कळ सांगून पाहिलें. त्यानें एक ‘प्लीज’ ठेविलें व बाकीचे नाकारले. अध्यक्षांच्या सहीनें पत्र गेलें. आठव्या दिवशीं शीतगृहाकडून जुन्याच दरानें मार्चअखेर माल ठेवण्याची संमति आली. ती आम्हीं स्वतः वाचली, दोनदां वाचली, आणि मग पुतण्याकडूनहि वाचून घेतली.