फार्मव्हिलची मोटन शाळा

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याची प्रिन्स एडवर्ड काउंटी म्हणजे तंबाखूच्या शेतीचा मुलूख. तिथे फार्मव्हिल गावात १९३९ साली कृष्णवर्णीय मुलांसाठी मोटन हायस्कूल बांधलं. जागा १८० मुलांची, पण १९५१ पर्यंत पट साडेचारशेच्या वर गेला. नवी इमारत देण्याऐवजी आवारात लाकडी खोल्या ठोकल्या, वर डांबरी कागद. पावसात छत गळायचं. शेगडीजवळची मुलं घामाघूम व्हायची, लांबची कुडकुडत बसायची.

२३ एप्रिल १९५१ ला शाळेतल्याच सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने मुख्याध्यापकांना फोनचं निमित्त करून बाहेर धाडलं, सगळ्यांना सभागृहात जमवलं आणि संप पुकारला. काय आखणी होती! मागणी चांगल्या इमारतीची. वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांनी मात्र मुलांच्या वतीने खटला भरून थेट वर्णभेदालाच आव्हान दिलं. हा खटला शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धच्या 'ब्राऊन' खटल्यात सामील झाला आणि १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या.

यापुढचं फारसं सांगितलं जात नाही, आणि ते सांगायलाच हवं. गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं एकत्र शिकू नयेत म्हणून १९५९ साली काउंटीने सगळ्या सरकारी शाळा बंद केल्या. पाच वर्षं! गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली, कृष्णवर्णीय मुलांपैकी अनेकांचं शिक्षणच तुटलं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६४ च्या निकालानंतर शाळा उघडल्या. मोटनच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. व्हर्जिनियात असाल तर नक्की जा.